मॅक्रोसाठी विषयच सापडत नाही: नेमकं कुठे अडतंय ते कसं ओळखायचं

मॅक्रो लेन्स (लहान गोष्टी अगदी जवळून मोठ्या टिपणारी), फ्लॅश, त्याचा उजेड मऊ करणारा डिफ्यूजर सगळं घेऊन दोन तास फिरायचं आणि कार्डावर यायचं काय, तर तीच ती फुलं, एखादी मुंगी आणि फुलपाखरू नुकतंच उडून गेलेली फांदी. ही तक्रार फक्त नवशिक्यांची नाही, आणि महागडी लेन्स घेतल्यानं ती दूरही होत नाही. ‘विषय मिळत नाही’ या एका वाक्यामागे बहुतेक वेळा तीनपैकी एक अडचण असते. विषय समोर असून दिसत नाही, जागा किंवा वेळ चुकलेली असते, नाहीतर विषय दिसतो पण तो आपल्या लेन्सला आणि त्या दिवशीच्या वाऱ्याला झेपणारा नसतो. तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत, त्यामुळे आधी आपली अडचण कोणती ते ठरवावं लागतं.

त्यासाठी एक सोपी चाचणी आहे. कॅमेरा पिशवीतच ठेवा. गवत, झुडूप आणि थोडी मोकळी माती असलेला साधारण एक मीटर लांब-रुंद तुकडा निवडा आणि १५ मिनिटं तिथेच थांबा. पहिली पाच मिनिटं नुसतं बघा. आपण आल्यावर दडलेले जीव तेवढ्या वेळात पुन्हा हलायला लागतात. पुढची पाच मिनिटं पानांच्या खालच्या बाजू तपासा, पण पान हातानं उलटू नका. खाली वाका किंवा छोटा आरसा वापरा. उरलेला वेळ खोडाला आणि बुंध्याजवळच्या मातीला द्या. या वेळात पाच-सहा वेगळे जीव दिसले, तर जागा ठीक आहे आणि आपण आजवर फार भरभर चालत होतो. काहीच दिसलं नाही, तर जागा किंवा वेळ बदला. दिसलं पण जवळ जाताच पळालं, तर अडचण जवळ जाण्याच्या पद्धतीत आहे.

समोर असून दिसत नाही

मॅक्रोत कीटक शोधत फिरण्यात फारसा अर्थ नाही, त्यांच्या खुणा शोधायच्या. कीटक लपण्यात पटाईत असतात, पण खाणं आणि विष्ठा त्यांना लपवता येत नाही.

पान कुरतडलेलं दिसलं की कड बघा. कड हिरवी, ओलसर असेल तर अळी जवळपास आहे. कड सुकून तपकिरी झाली असेल तर ती कधीच पुढे गेली. खालच्या पानावर बारीक गोळ्यांसारखी विष्ठा पडलेली असेल तर सरळ वर बघा. ताजी विष्ठा हिरवट आणि मऊ असते, जुनी काळपट आणि कोरडी. पानावर पांढरट नागमोडी रेघ म्हणजे पानाच्या दोन थरांमध्ये राहणारी नागअळी. पान सूर्याकडे धरल्यासारखं मागून टॉर्च मारला तर रेघेच्या रुंद टोकाशी ती अळी दिसते. रेशमाच्या धाग्यांनी गुंडाळलेल्या पानात अळी असेल किंवा कोळी असेल. ते उलगडून बघायचा मोह आवरा, उघडलं की त्याचा आसरा गेला. देठावर थुंकीसारखा फेस दिसला तर आत फेसकिड्याचं पिल्लू असतं. फेस पुसू नका, तो त्याला कोरडं पडण्यापासून वाचवतो.

सगळ्यांत भरवशाची खूण मात्र मुंग्यांची. झाडाच्या कोवळ्या शेंड्याकडे मुंग्यांची सतत ये-जा असेल तर तिथे मावा असण्याची शक्यता फार मोठी. पानं चकचकीत, चिकट झाली असतील किंवा त्यांवर काजळीसारखी काळी बुरशी धरली असेल, तर वरच्या फांदीवर मावा किंवा खवलेकिडे आहेत. त्यांच्या गोड स्रावावरच ती बुरशी वाढते. आता असा माव्यानं भरलेला एक शेंडा नीट बघा, घाई न करता. दोन-दोन मिलिमीटरचे हिरवे दाणे ओळीनं सोंड खुपसून बसलेत. मुंगी एकेकाच्या पाठीवर मिशा आपटते आणि बाहेर आलेला थेंब पिते. बाजूलाच काळी, नारिंगी ठिपक्यांची, मगरीसारख्या अंगाची एक अळी माव्याला पकडून बसलीय, ती लेडीबर्ड भुंगेऱ्याची. पक्ष्यानं शिटल्यासारखा वाटणारा एक अर्धपारदर्शक, बिनपायांचा डाग हळूच हलतो, ती सिरफिड माशीची अळी. केसाएवढ्या बारीक देठांवर उभी असलेली पांढरट अंडी क्रायसोपाची, म्हणजे जाळीदार पंखांच्या एका हिरव्या कीटकाची. काही मावा फुगून सोनेरी-तपकिरी झालेला आणि त्याच्या पाठीला गोल भोक: आत वाढलेली परजीवी गांधीलमाशी त्यातून बाहेर पडून गेली. एका बोटाएवढ्या शेंड्यावर एवढं नाट्य चाललेलं असतं आणि जागचं कुणी फारसं हलतही नाही. मावा असलेली फांदी सापडली की त्या सकाळी दुसरीकडे जायची गरज उरत नाही.

चालण्याचा वेग हा यातला खरा दोष. शंभर मीटरला अर्धा तास लागला पाहिजे. नजर एका अंतरावर रोखून ठेवायची, म्हणजे या मिनिटाला फक्त देठ, पुढच्या मिनिटाला फक्त पानांच्या खालच्या बाजू. सगळं एकदम बघायला गेलं की मेंदू त्याला नुसतं ‘हिरवं’ म्हणून सोडून देतो. दहा पट मोठं दाखवणारा लूप गळ्यात असू द्या. एखादा ठिपका जीव आहे की धूळ हे दोन सेकंदांत कळतं, कॅमेरा काढावा लागत नाही.

झुडपात काय दडलंय याचा अंदाज घ्यायला पांढरी छत्री उलटी करून फांदीखाली धरा आणि फांदीला हलका झटका द्या. तुडतुडे, कोळी, भुंगेरे, अळ्या छत्रीत पडतात. ही फक्त तपासणी आहे, फोटो छत्रीत काढू नका. कोणत्या झाडावर कोण आहे हे कळलं की त्यांना तिथेच सोडा आणि शेजारच्या फांदीवर त्यांचे भाऊबंद शोधा.

जागा चुकते ती कशी

कापलेली हिरवळ आणि आखीव वाफे दिसायला सुंदर, मॅक्रोला जवळजवळ निरुपयोगी. वारंवार कापल्यामुळे तिथे अंडी-कोश टिकत नाहीत आणि फवारणी होत असेल तर विषयच संपला. दाट जंगलाच्या पोटातही अनेकदा निराशाच होते, कारण उजेड कमी आणि बरीच हालचाल उंच शेंड्यांवर. काम होतं ते कडांवर: पायवाटेची कड, कुंपण, गवत संपून झुडूप सुरू होतं ती रेघ, पाण्याचा काठ. दोन प्रकारची झाडी एकत्र येते तिथे दोन्हीकडचे जीव मिळतात, शिवाय ऊन आणि सावली दोन्ही हाताशी असतात.

कडेची दिशाही बघा. पूर्वेकडे तोंड असलेल्या कडेवर पहिलं ऊन पडतं, तिथले कीटक आधी ऊब घेऊन उडायला लागतात. पश्चिमेकडच्या कडेला सावली उशिरापर्यंत टिकते, म्हणून तिथले कीटक अजून सुस्त असतात. पूर्वेची बाजू आधी उरकायची आणि नंतर पश्चिमेला जायचं. एवढ्यानं सकाळचं काम चांगलं लांबतं.

झाडं ओळखता आली तर अर्धी शोधाशोध वाचते. फुलपाखरांच्या अळ्या काही ठरावीक वनस्पतींवरच वाढतात. रुईच्या कुळातल्या झाडांवर प्लेन टायगर आणि मोनार्क, लिंबाच्या कुळातल्या झाडांवर पॅपिलिओ गटातली फुलपाखरं. त्यांच्या लहान अळ्या हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसतात, म्हणून नजरेतून सुटतात. फुलांमध्ये छत्रीसारखे सपाट गुच्छ असलेली फुलं निवडा. माश्या, भुंगेरे, छोट्या गांधीलमाश्या त्यांवर चालत चालत खातात, म्हणून जास्त वेळ थांबतात. नळीसारख्या फुलात मधमाशी दोन-तीन सेकंद डोकं खुपसते आणि पुढे जाते. तिथे आपण तिच्या पाठीचेच फोटो काढत बसतो.

कोरड्या दिवसांत ओलावा शोधा. ओल्या वाळूच्या, चिखलाच्या पट्ट्यावर फुलपाखरं क्षार शोषायला बसतात, त्यांत बहुतेक नर असतात. एकदा सोंड लावली की ती बरीच जवळ येऊ देतात. कुजलेलं लाकूड, ओला पालापाचोळा आणि दगडाची सावलीतली बाजू इथे स्प्रिंगटेल (उड्या मारणारे इवलेसे जीव), माइट (कोळ्याचे बारीक नातलग), स्लाइम मोल्ड (बुरशीसारखे दिसणारे जीव) मिळतात. लाकूड किंवा दगड उलटताना त्याची पलीकडची कड आपल्याकडे उचला, म्हणजे तो आपण आणि खालचा जीव यांच्या मधे आडोसा राहतो. बोटं खाली घालू नका, काडी वापरा. काम झालं की दगड होता तसाच परत ठेवा. खालचा ओलावा सुकला की तिथली वस्ती उठते आणि पुढच्या वेळी आपल्यालाच काही मिळत नाही.

वेळ

कीटकांच्या शरीराचं तापमान बाहेरच्या तापमानावर अवलंबून असतं. उडण्याचे स्नायू तापल्याशिवाय त्यांना उडता येत नाही. म्हणून दुपारी अकराला हवेत घिरट्या घालणारा चतुर पहाटे दवानं भिजून गवताच्या पात्यावर निमूट लटकलेला असतो. उजाडण्याच्या आधी अर्धा तास जागेवर पोचा आणि सूर्य वर आल्यावर दीड-दोन तासांत आटोपा. पंख थरथरायला लागले म्हणजे तो स्नायू तापवतोय. अजून एखाद-दुसरं मिनिट हातात आहे.

पण अंधुक उजेडात पहाटे तो शोधायचा कसा? इथे बरेच जण अडतात, आणि उत्तर आदल्या संध्याकाळी असतं. सूर्य मावळायच्या सुमाराला चतुर, टाचण्या (चतुराचे बारीक अंगाचे नातलग), फुलपाखरं रात्रीची जागा धरतात. पाण्याच्या काठची उंच गवतं, वाऱ्याच्या आडोशाची झुडपं आणि वाळलेले उभे देठ बघा. एकट्या राहणाऱ्या मधमाश्यांच्या काही जातींचे नर वाळक्या काडीला जबड्यानं घट्ट धरून, पाय मोकळे सोडून झोपतात, अनेकदा ओळीनं आणि रोज त्याच काडीवर. अशी काडी सापडली की शेजारच्या वाटेवर खूण करा, काडीला चुकूनही हात लावू नका. मग पहाटे थेट तिथेच जायचं.

पावसानंतरचे दोन-तीन तास आणि ढगाळ दिवस अनेकांच्या हिशेबात नसतात. ढगाळ दिवशी कीटक उशिरापर्यंत मंद राहतात आणि उजेडही मऊ मिळतो.

दिसतं, पण जवळ जाताच पळतं

आधी अंतराचा हिशेब. १:१ ला, म्हणजे सेन्सरवरची प्रतिमा विषयाएवढीच असते तेव्हा, ६० मिमी मॅक्रो लेन्सच्या तोंडापासून विषय साधारण ५ सेंमीवर येतो, १०० मिमीला १३-१५ सेंमी, १८० मिमीला २४ सेंमीच्या आसपास. चतुर आणि फुलपाखरांच्या बाबतीत ५ सेंमी म्हणजे अशक्यच. लेन्स बदलायची नसेल तर २०० मिमी टेलीच्या (दूरचं जवळ दाखवणाऱ्या लेन्सच्या) पुढे +४ डायॉप्टरची, म्हणजे +४ नंबरच्या भिंगाची क्लोज-अप लेन्स लावा. टेली अनंतावर फोकस केली की २५ सेंमी अंतरावरून ०.८ पट मोठी प्रतिमा मिळते. याउलट ५० मिमी लेन्समागे ५० मिमीच्या एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स आणि कॅमेरा यांच्या मधल्या पोकळ नळ्या) लावून १:१ होतं, पण विषय लेन्सच्या बराच जवळ येतो. हा जुगाड मावा, अंडी, बुरशी अशा न हलणाऱ्या विषयांसाठी राखून ठेवा. फोनच्या मॅक्रोचं तसंच: दोन-तीन सेंमीवर फोनचीच सावली विषयावर पडते, त्यामुळे उजेड बाजूनं येईल असं उभं राहा.

जवळ जाताना दोन गोष्टी बिघडतात. पहिली, आपली सावली विषयावरून सरकते. सूर्य कुठे आहे ते आधी बघा आणि मगच वाट ठरवा. दुसरी, आपण आडवे सरकतो. कीटकांच्या संयुक्त डोळ्यांना आडवी हालचाल चटकन टिपता येते, समोरून सरळ रेषेत संथपणे मोठी होणारी आकृती तेवढी लवकर नाही. म्हणून दूरवरच कोन ठरवा, गुडघ्यावर बसा, कॅमेरा डोळ्याला लावा आणि मग सरळ पुढे सरका. जवळ गेल्यावर कॅमेरा वर उचलणं ही सगळ्यांत मोठी चूक, तीच हालचाल त्याला उडवते. झाडाला पिशवी, पट्टा किंवा कोपर लागू देऊ नका. पानाला बसलेला धक्का म्हणजे कीटकासाठी धोक्याची घंटा.

चतुर आणि रॉबर फ्लाय (इतर कीटकांची शिकार करणारी माशी) उडाले तरी पाठलाग करू नका. दोघांना ठरलेली बैठक असते आणि बहुधा ते त्याच काडीवर परततात. ते गेल्यावर काडीवर फोकस लावून थांबा. उडी मारणाऱ्या कोळ्याचं तर उलटंच. तो वळून लेन्सकडे बघतो, कधीकधी लेन्सवरच उडी मारतो. भिंती, कठडे, उन्हातली रुंद पानं इथे तो मिळतो. सरावासाठी इतका सहकार्य करणारा दुसरा जीव नाही.

सापडलं, पण फ्रेम जमत नाही

इथे चूक विषय निवडण्यात असते. १:१ ला फुल फ्रेम सेन्सरवर (जुन्या ३५ मिमी फिल्मएवढ्या) ३६ × २४ मिमी एवढाच भाग मावतो. दोन मिलिमीटरचा एकटा मावा त्यात रुंदीच्या अठराव्या भागाएवढा दिसेल, म्हणजे कितीही क्रॉप केला तरी ठिपकाच. त्याच्यासाठी २ पटीच्या वर जावं लागतं, नाहीतर अख्खी वसाहत फ्रेममध्ये घ्या. उलट ५० मिमीचा चतुर १:१ मध्ये मावतच नाही, त्याला १:२ पुरे. १:१ पर्यंतच जाणाऱ्या लेन्ससाठी ८ ते २० मिमीचे विषय सर्वांत सोयीचे: भुंगेरे, मधमाश्या, मध्यम आकाराचे कोळी, तुडतुड्यांचे मोठे भाऊबंद.

दुसरा हिशेब डेप्थ ऑफ फील्डचा, म्हणजे पुढेमागे किती जाडीचा भाग तीक्ष्ण येतो त्याचा. फुल फ्रेमवर एफ/८ (लेन्सच्या छिद्राचं माप; आकडा मोठा तर छिद्र लहान) ला १:२ वर साधारण २.९ मिमी भाग तीक्ष्ण येतो, १:१ वर १ मिमीच्या जरा आत, २ पटीला ०.३६ मिमी. एफ/१६ वर नेऊन सुटका होत नाही, कारण १:१ ला प्रत्यक्ष छिद्र एफ/३२ सारखं वागतं आणि विवर्तनामुळे (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो त्यामुळे) सगळंच मऊ होतं. म्हणून शोधतानाच असा जीव निवडा जो लेन्सला समांतर बसलाय. पंख मिटून बाजूनं दिसणारं फुलपाखरू, पात्यावर लांबलचक चिकटलेली टाचणी. समोरून चेहरा हवा असेल तर डोळे एका पातळीत येईपर्यंत कोन शोधा.

वाऱ्याचं गणित निष्ठुर आहे. विषय सेकंदाला फक्त १० मिमी वेगानं डुलत असेल तरी १/२०० सेकंदात १:१ ला सेन्सरवर ०.०५ मिमी सरकतो, म्हणजे २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम कॅमेऱ्यावर आठेक पिक्सेल. पुढेमागे डुलला तर एक मिमीचा फोकस केव्हाच गेला. म्हणून वाऱ्याच्या दिवशी लांब देठावरचं फूल बघूच नका. खोडाची साल, दगड, भिंत, जमिनीलगतची जाड पानं, एवढ्यातच शोधा. देठावरच काम करायचं असेल तर जमिनीत काडी रोवून विषयाच्या खाली चार बोटं अंतरावर देठाला चिमटा लावा, आणि कीटक असेल तर चिमटा लावायच्या आधी तो बिथरत नाही ना ते बघा. फ्लॅश मुख्य उजेड असेल तर त्याची ताकद १/८ किंवा कमी ठेवा. कमी ताकदीला चमक अतिशय थोडा वेळ टिकते आणि हालचाल गोठते.

पार्श्वभूमी काळी कुळकुळीत येते ही तक्रारही जागेच्या निवडीतच सुटते. फ्लॅशचा उजेड अंतराबरोबर झपाट्यानं घटतो. विषयामागे ५ ते १० सेंमीवर दुसरं पान किंवा फूल असेल तर त्यावर उजेड पोचतो आणि रंग येतो. मागे मोकळी हवा असेल तर काळंच येणार.

दिवसा काहीच नाही? मग रात्री

डोक्याला बांधायचा टॉर्च लावा किंवा टॉर्च कानशिलाजवळ धरा आणि गवतावरून फिरवा. हिरवट-निळसर ठिणग्या चमकल्या तर ते वुल्फ स्पायडरचे डोळे. दवाचे थेंबही चमकतात, पण डोकं हलवलं की त्यांची चमक फुटते, कोळ्याची तशीच राहते. टॉर्च कंबरेपाशी धरला तर काहीच दिसत नाही, कारण परतणारा उजेड आला त्याच दिशेनं जातो आणि आपला डोळा तिथे नसतो.

३६५ नॅनोमीटरच्या अतिनील टॉर्चखाली विंचू हिरवट-निळे झळकतात, पण नुकताच कात टाकलेला विंचू फारसा चमकत नाही. ३९५ नॅनोमीटरचे टॉर्च सहज मिळतात, मात्र त्यांच्या जांभळ्या उजेडात बारीक चमक बुडून जाते. उजेड डोळ्यांत घेऊ नका. पतंगांसाठी पांढरा सुती पडदा आणि त्यावर दिवा, तोही उबदार, दमट, वारा पडलेल्या आणि चांदणं नसलेल्या रात्री. पडद्याइतकंच आजूबाजूच्या झुडपांवर लक्ष ठेवा, चांगले नमुने तिथे बसतात आणि पार्श्वभूमीही नैसर्गिक मिळते. दिवा उजाडण्यापूर्वी बराच आधी बंद करा, नाहीतर पडद्यावरचे पतंग पक्ष्यांना आयते सापडतात.

कीटकच हवेत असा हट्ट नसेल तर मॉसच्या बारीक देठांवरच्या बोंडांवर, लायकेनच्या (खोड-दगडावरच्या दगडफुलाच्या) वाटीसारख्या चकत्यांवर, पिसाच्या आकड्यांवर, सोललेल्या रंगावर आणि गंजावर काम करा. हे विषय वर्षभर आहेत आणि फोकस स्टॅकिंगला (वेगवेगळ्या फोकसचे अनेक फोटो जोडून एक करायला) जागचे हलत नाहीत.

एकदा मिळालं, पुन्हा त्याच जागी काहीच नाही

नोंद अपुरी असते. फक्त ठिकाण लिहून भागत नाही. झाड कोणतं, पानाची कोणती बाजू, जमिनीपासून उंची, वेळ, तापमान आणि आदल्या दिवशी पाऊस होता का, हे लिहा. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर एखाद्या जातीच्या नोंदी कोणत्या महिन्यांत येतात याचा आलेख मिळतो, त्यावरून हंगाम ठरवता येतो. धोक्यातल्या जातींची ठिकाणं तिथे मुद्दाम धूसर केलेली असतात, त्यामुळे नकाशावरच्या त्या टिंबावर जाऊन शोधण्यात वेळ घालवू नका.

अवस्थाही टिपा. अंडी आज दिसली तर उबदार दिवसांत बऱ्याच फुलपाखरांची अळी चार-पाच दिवसांत बाहेर येते. कोश दिसला तर रोज एकदा नुसतं बघून या. कवच गडद होऊन आतल्या पंखांचे रंग आरपार दिसू लागले की फुलपाखरू बहुधा दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर पडतं. त्या सकाळी ट्रायपॉड लावून थांबा. पंख पूर्ण ताणून वाळेपर्यंत ते उडत नाही, आणि त्याला तासाभराहून जास्त वेळ लागू शकतो.